दुसरी गोळी : शिकारकथेतल्या घायाळ जनावराचा शोध

शिकारकथा वाचताना आपण सगळे पहिल्या गोळीची वाट पाहत असतो. मचाणावरची रात्र, पानांची सळसळ, भेकराचा इशारा, मग दोन डोळे आणि बार. बहुतेक कथा तिथेच संपतात. पुढच्या ओळीत वाघ जागच्या जागी कोसळतो आणि त्याच्या पुढच्या ओळीत तो किती फूट किती इंच भरला याचे माप येते. प्रत्यक्ष रानात मात्र पहिल्या गोळीने जागीच मेलेले जनावर हा नशिबाचा भाग असतो. गोळी पोटात लागते, पायात लागते, जबड्याला चाटून जाते. जनावर उठते आणि गवतात शिरते. तिथून पुढे शिकाऱ्याने काय करावे, हा प्रश्न शिकारीइतकाच जुना आहे. त्या जनावराला लवकर आणि कमीत कमी यातनेत कसे संपवायचे, आणि ते करताना आपला व बरोबरच्या माणसांचा जीव कसा सांभाळायचा?

या लेखात मी शिकारीवरच्या काही पुस्तकांकडे आणि आपल्या मराठी शिकारकथेकडे या एका प्रश्नाच्या बाजूने पाहणार आहे. शिकारीचे समर्थन करण्याचा हेतू नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो वाद मिटवला आहे, आणि मिटवला ते बरेच झाले. पण शिकार संपली म्हणून घायाळ जनावर संपले नाही. आमच्या धामणगाव तालुक्याच्या शिवारात ते आजही पडलेले असते. फक्त त्याला गोळी लागलेली नसते. ट्रकची धडक बसलेली असते, नाहीतर कुंपणाच्या तारेतला झटका लागलेला असतो. त्याचे काय करायचे याबद्दल आपल्याकडे ना धड विचार आहे, ना धड भाषा. म्हणून जुन्या पुस्तकांकडे परत जावेसे वाटले.

भाषेपासूनच सुरुवात करू. मराठीत शिकारीचे शब्द भरपूर आहेत आणि ते रानातून निघून कधीच घरात येऊन बसले आहेत. एखाद्याचे बोलणे आपल्या जिव्हारी लागते. जिव्हार म्हणजे जिथे लागले की जीव जातो ती जागा. कोणी वर्मी घाव घालतो. वर्म म्हणजे मर्म, तीच जागा. सावज टप्प्यात येते, निशाण चुकते, कोणी कोणावर डाव धरून बसतो. ‘घायाळ’ हा शब्द तर लावणीने आणि सिनेमाच्या गाण्याने असा उचलला की त्यातले रक्त पुसून गेले. आज घायाळ म्हटले की नजरेचा बाण आठवतो. एवढ्या शब्दसंपत्तीत घायाळ जनावराला दयेने संपवण्याच्या कृतीला स्वतंत्र शब्द मात्र मला सापडला नाही. ‘खलास केले’, ‘निकाल लावला’, ‘लोळवले’ हे सगळे मर्दुमकीचे शब्द आहेत. दयेच्या जवळ जाणारा एकच शब्द आहे, ‘सुटला’. खाटेवर खितपत पडलेला म्हातारा गेला की आपण म्हणतो, सुटला बिचारा. पण तो सुटतो, त्याला कोणी सोडवत नाही. क्रियापद अकर्मक आहे. करणारा कोणीच नाही. करणारा नसला की जबाबदारीही कोणाची नसते, आणि माझा पुढचा सगळा मुद्दा याच रिकाम्या जागेबद्दल आहे.

आपल्या परंपरेत हा प्रसंग नाहीच असे नाही. तो सगळ्यांना पाठ आहे, फक्त आपण त्याच्याकडे त्या डोळ्यांनी पाहत नाही. श्रावणबाळाची गोष्ट आपण आईबापांच्या सेवेची गोष्ट म्हणून सांगतो. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात ती दशरथाच्या तोंडी येते. राम वनात गेल्यावर, स्वतःच्या मरणाच्या रात्री, तो ती कौसल्येला सांगतो. तिथे मुलाला श्रावण हे नावही नाही. तो एक तापसकुमार आहे. तरुण दशरथ रात्री शरयूकाठी शिकारीला बसला आहे. घडा भरल्याचा आवाज त्याला हत्ती पाणी पितो आहे असा वाटतो आणि तो आवाजावर बाण सोडतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पुढचा भाग कीर्तनात सहसा घाईने उरकला जातो. तो मुलगा अजून जिवंत आहे, बाण छातीत आहे, आणि तो राजाला सांगतो की हा बाण काढ, मला सोसवत नाही. दशरथ थबकतो. बाण आत राहिला तर यातना होत राहणार, काढला तर प्राण जाणार. मुलगाच त्याची भीती घालवतो, ब्रह्महत्येचे पाप तुला लागणार नाही असे सांगतो. मग दशरथ बाण उपसतो आणि मुलगा मरतो.

आवाजावर सोडलेला पहिला बाण ही चूक आहे. बाण उपसणे हे दुसरे कृत्य आहे, आणि ते डोळे उघडे ठेवून, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून करावे लागते. वाल्मीकींनी पहिल्यापेक्षा दुसऱ्याला जास्त जागा दिली, दशरथाच्या मनातली उलघाल दाखवली. शिकारीबद्दल लिहिणाऱ्या कोणाचीही परीक्षा मी याच ठिकाणी घेतो : पहिल्या आणि शेवटच्या घावाच्या मधल्या वेळात लेखक कुठे आहे?

आता इंग्रजी पुस्तकांकडे येऊ. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या आसपासच्या जंगलांवर साहेबांनी बरेच लिहिले. कॅप्टन जेम्स फोर्सिथचे ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१चे. तो निमाडात जमाबंदीच्या कामावर होता. पचमढीपासून तापीच्या खोऱ्यापर्यंतचा मुलूख त्याच्या पायाखालचा. त्याच्या पुढे अर्ध्या शतकाने, १९२३ साली, वनखात्यातल्या डनबार ब्रँडरचे मध्य भारतातल्या वन्य प्राण्यांवरचे पुस्तक आले. ही केवळ बढाईची पुस्तके नाहीत. फोर्सिथने बंदुका आणि गोळ्यांवर वेगळे पुस्तक लिहिले होते. गोळी शरीरात शिरल्यावर काय करते, याचा विचार करणारा तो माणूस होता. त्या काळात ठासणीची बंदूक एकदा उडाली की पुन्हा भरायला वेळ लागे, आणि जखमी वाघ तेवढा वेळ देत नसे. दुनळी बंदुकीला हिंदुस्थानात एवढी किंमत आली ती यासाठीच. दुसरी नळी हौसेसाठी नव्हती. पहिली गोळी चुकणार हे गृहीत धरून ती बनवलेली होती.

या पिढ्यांनी घायाळ जनावराच्या पाठलागाचे एक शास्त्रच बनवले, आणि ते बारकाईने वाचण्यासारखे आहे. बार झाल्यावर लगेच धावायचे नाही. जनावर कुठे उभे होते ती जागा डोळ्यांत पक्की धरायची. रक्त पाहायचे : फेसाळ आणि फिक्या तांबड्या रंगाचे असेल तर फुफ्फुसात लागले, जनावर लांब जाणार नाही, काळपट असेल तर यकृत, त्यात हिरवट घाण मिसळलेली असेल तर पोट, म्हणजे काम लांबले. पोटात लागलेल्या जनावरामागे लगेच गेले तर ते कोसभर पळते. थांबले तर जवळच झुडपात बसते, अंग आखडते आणि तिथेच सापडते. वाघ असेल तर रात्री मागे जायचे नाही. माग काढणाऱ्याचे डोळे जमिनीवर असतात, म्हणून त्याच्या शेजारी बंदूकवाल्याने समोर पाहत चालायचे. दाट गवतात म्हशींचा कळप आत घालायचा, म्हशींना वाघाचा वास आला की त्या एकत्र येऊन बिथरतात आणि जागा कळते. जनावर निश्चल दिसले तरी जवळ जाण्याआधी दगड मारून पाहायचे. गेल्यावर तोंडाकडून नाही, पाठीकडून जायचे.

या नियमांत एक पेच दडलेला आहे आणि बहुतेक लेखक त्याच्यावरून पाय उचलून पुढे जातात. दया म्हणते, घाई कर. शास्त्र म्हणते, थांब. पोटात गोळी लागलेल्या जनावराला लवकर सोडवायचे असेल तर आधी त्याला काही तास तसेच ठेवावे लागते. शिकारी झाडाखाली चहा घेत असतो आणि जनावर झुडपात आतड्यांतल्या जखमेसह बसलेले असते. ते थांबणे क्रौर्य नाही, उलट मागे धावून त्याला कायमचे हरवणे हे मोठे क्रौर्य. पण तो अर्धा दिवस कोणाच्या पुस्तकात नीट आलेला नाही. येते ती फक्त वेळ : अमुक वाजता बार, अमुक वाजता शोध. मधले तास कोरे.

याच पेचाची दुसरी बाजू हलालची आहे. आपल्याकडच्या शिकारीत बरोबर मुसलमान साथीदार असले की हरिण वा रोही पडताच सुरी घेऊन धावण्याची घाई असे, कारण गोळीने मेलेले चालत नाही, जीव असताना गळ्यावरून सुरी फिरली पाहिजे. साहेबांच्या पुस्तकांत हा बहुधा गमतीचा किंवा कुरकुरीचा विषय असतो. मला तो तसा वाटत नाही. तिथे निदान एक नियम असा होता की जनावर जिवंत असतानाच माणसाने हाताच्या अंतरावर जाऊन, देवाचे नाव घेऊन ते काम स्वतः करायचे. दीडशे पावलांवरून दुर्बिणीत पाहून ‘पडले’ म्हणणाऱ्यापेक्षा त्याला त्या मरणाची जास्त ओळख होती. धोकाही त्याचाच होता. जखमी काळविटाचे शिंग किंवा रोह्याची लाथ ही खेळण्यातली गोष्ट नाही.

इथे या पुस्तकांवरचा माझा मुख्य आक्षेप येतो. पाठलागाचे हे शास्त्र सुरक्षिततेचे शास्त्र आहे, पण सुरक्षितता कोणाची? घायाळ वाघाच्या मागावर पुढे वाकून चालणारा माणूस साहेब नसतो. तो कोरकू असतो, गोंड असतो, गावचा कोतवाल असतो. हाक्यात जखमी वाघ उलटला तर तो हाकाऱ्यांवर उलटतो, आणि त्यांच्या हातात काठी नाहीतर डबा असतो. बंदूकवाल्याचे नाव, त्याच्या बंदुकीचे नाव, ती बनवणाऱ्या विलायती दुकानाचे नाव येते. हाकारा मात्र ‘एक हाकारा’ असतो. तो मेला तर त्याच्या घरच्यांना काही रुपये दिल्याची नोंद एका वाक्यात होते आणि कथा वाघाच्या लांबीकडे वळते. मेळघाटच्या डोंगरात हे ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला आले त्यांनी कधी शिकारकथा लिहिली नाही. त्यांनी लिहिली असती तर तिची सुरुवात बहुधा दुसऱ्या गोळीपासूनच झाली असती.

या सगळ्यांत जिम कॉर्बेट वेगळा का वाटतो, याचे उत्तर मला याच ठिकाणी मिळाले. १९४४ साली ऑक्सफर्डच्या मुंबई कचेरीने ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ काढले. त्याच्या सुरुवातीच्या टिपणातच कॉर्बेट सांगून टाकतो की वाघ माणसे मारू लागतो तो परिस्थितीच्या रेट्याने, आणि दहांतल्या नऊ वेळा ती परिस्थिती म्हणजे जखम. ती जखम साळिंदराच्या काट्यांची असू शकते, नाहीतर निष्काळजीपणे झाडलेल्या आणि मग पाठलाग न करता सोडून दिलेल्या गोळीची. म्हणजे नरभक्षकाची कथा कॉर्बेटच्या हिशेबाने त्याच्या बंदुकीपासून सुरू होत नाही. ती कोणा दुसऱ्याच्या अर्धवट सोडलेल्या कामापासून सुरू होते.

चंपावतची वाघीण १९०७ साली मेली तेव्हा तिच्या नावावर ४३६ माणसे होती. तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले निघाले. जुनी बंदुकीची जखम. कोणीतरी एकदा बार केला, वाघीण गेली, तो माणूस घरी गेला. कॉर्बेटच्या मते बाकीचे सगळे त्यातून आले. आणि याच कथेत कॉर्बेट स्वतः त्याच जागी येऊन उभा राहतो. त्याच्याजवळ तीनच काडतुसे आहेत. दोनाहून जास्त वेळा संधी मिळणार नाही आणि तिसरे अडीअडचणीला, असा त्याचा हिशेब. तिन्ही उडतात. वाघीण घायाळ होऊन समोर उभी, हातातली बंदूक रिकामी. तो ओढा ओलांडून धावतो, तहसीलदाराची खिळखिळी बंदूक मागून घेतो आणि जवळ जातो. उघड्या जबड्यावर धरलेली गोळी पंजाला लागते. वाघीण आधीच्या जखमांनी मेलेली असते. शेकडो गावकऱ्यांसमोर नेम चुकल्याचे हा माणूस सरळ लिहितो. दुसरी गोळी लपवत नाही, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

पनारच्या बिबट्याची कथाही तशीच. १९१०. काळोख्या रात्री बिबट्या जखमी होतो. रात्री जखमी बिबट्याच्या मागे जाऊ नये, हे कॉर्बेटइतके कोणाला ठाऊक होते? तरी तो चिरगुड्यांच्या मशाली धरलेली गावची माणसे मागे घेऊन निघतो. काही झाले तरी पळायचे नाही, असे वचन घेऊन. बिबट्या उसळतो तेव्हा सगळे पळतात, आणि पळताना पडलेल्या जळत्या तुकड्यांच्या उजेडात त्याला बार करता येतो. कोणाला दोष न देता तो हे सांगतो. पण वाचक म्हणून मला विचारावेसे वाटते : मशाल धरून उभे राहण्याचे वचन निःशस्त्र माणसांकडून घेण्याचा अधिकार कोणाला असतो? कॉर्बेट पळणाऱ्यांना क्षमा करतो. पण त्यांना तिथे नेल्याचा हिशेब तो मांडत नाही. फोर्सिथच्या हाकाऱ्यापेक्षा कॉर्बेटचा पहाडी माणूस कितीतरी जिवंत आहे, पण या एका ठिकाणी तोही मशालीचा दांडाच राहतो.

पीपलपाणीचा वाघ ही कॉर्बेटची मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट. लहानपणापासून ओळखीचा, माणसाला कधी न त्रासणारा वाघ. कोणाच्या तरी बंदुकीने तो जखमी होतो. आता हा नरभक्षक होईल, या धास्तीने कॉर्बेट त्याला वाघिणीच्या आवाजात साद घालून बोलावतो आणि मारतो. गोष्टीच्या शेवटी विजय नाही, खंत आहे. जखमी जनावराला संपवणे दरवेळी दया असते का, की कधी कधी ती आपली भीती असते आणि दयेचे नाव घेते? कॉर्बेट हा प्रश्न विचारत नाही, पण त्याची गोष्ट विचारते. चांगल्या लेखनात असे होते.

शिकारीबाहेरच्या दोन मोठ्या लेखकांनीही हाच मधला वेळ पकडला, आणि योगायोग असा की दोन्ही लेखन १९३६चेच. हेमिंग्वेच्या ‘फ्रान्सिस मॅकोम्बर’च्या कथेत आफ्रिकेत जखमी सिंह गवतात शिरतो. श्रीमंत पाहुणा विचारतो, तो तिथेच सोडून दिला तर? धंदेवाईक शिकारी विल्सन त्याला दोन कारणे देतो : तो यातनेत आहे हे नक्की, आणि दुसरे कोणी नकळत त्याच्यासमोर येऊ शकते. सगळे शिकारशास्त्र या दोन कारणांत बसते. ऑर्वेलच्या ब्रह्मदेशातल्या हत्तीच्या निबंधात तर दुसरी गोळीच विषय आहे. मेंदू कुठे असतो हे ठाऊक नसलेला अधिकारी, गर्दीसमोर हसे होऊ नये म्हणून झाडलेल्या गोळ्या, आणि कोसळूनही न मरणारा हत्ती. तो उरलेल्या गोळ्या झाडतो, मग लहान बंदूक आणवून झाडतो, आणि शेवटी न सोसून निघून जातो. हत्तीला मरायला आणखी अर्धा तास लागला, हे त्याला मागाहून कळते. ऑर्वेलने साम्राज्यावर जे म्हटले ते अनेकांनी वाचले आहे. मला त्यात एक साधी गोष्टही दिसते : ज्याला शरीर ठाऊक नाही त्याची दया कामाची नाही. जिव्हार कुठे आहे हे माहीत असणे हा दयेचाच भाग आहे.

मग आपण मराठीत काय केले? आपल्या दिवाळी अंकांनी आणि मासिकांनी शिकारकथा हौसेने छापली. वाचनालयांतल्या जुन्या बांधीव अंकांत ती आजही सापडते. तिचा साचा पक्का होता. जहागीरदार किंवा डॉक्टर किंवा वकील स्नेही, जीप, बत्ती, गावचा पाटील, मचाण, बार. त्यात विनोद चांगला, जंगलाचे वर्णन बरे, पण घायाळ जनावर आले की लेखणी वळण घेते. ‘रात्र झाल्याने शोध सोडून दिला’ हे वाक्य तिथे सहज येते आणि पुढच्या परिच्छेदात मंडळी परतीच्या वाटेवर असतात. कॉर्बेटच्या टिपणानंतर ते वाक्य निरागस राहत नाही. मराठी वाचकाने कॉर्बेट प्रेमाने वाचला, त्याच्या धाडसावर जीव टाकला. त्याने घातलेली मुख्य अट मात्र आपल्या शिकारकथेने घेतली नाही.

पुढे व्यंकटेश माडगूळकरांसारखा बंदूक ठाऊक असलेला लेखक बंदूक बाजूला ठेवून वही घेऊन रानात गेला, नागझिऱ्यात राहिला, आणि ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळीतली मारामारी आणि मरण कसलीही भावविवशता न आणता लिहिले. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातल्या नोकरीतून, आमच्या मेळघाटासह विदर्भाच्या रानांतून, मराठीला हजारो शब्द आणि एक शांत नजर दिली. या दोघांचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्या मागून आलेल्या लेखनात एक गोष्ट घडली. बंदूक गेली तसे घायाळ जनावरही लेखनातून गेले. जंगल सुंदर झाले, पक्षी ओळखीचे झाले, वाघ राजबिंडा झाला. फासात पाय अडकून कुजत चाललेले रानडुक्कर, विषारी पाणी प्यालेली हरणे, तारेला चिकटलेला बिबट्या हे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर राहिले. ललित लेखकाने त्यांच्याकडे पाठ केली. शिकारकथेने मधला वेळ कोरा ठेवला होता. निसर्गलेखनाने तो विषयच वगळला.

हे केवळ साहित्याचे गाऱ्हाणे नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये चंद्रपूरकडून निघालेला एक तरुण वाघ वर्धा नदी ओलांडून आमच्या तालुक्यात आला आणि मंगरूळ दस्तगीर आणि अंजनसिंगी या गावांत दोन माणसे त्याने मारली. सोयाबीनची सोंगणी, कपाशी-तूर डोक्याएवढी, आणि शेतात जायला कोणी तयार नाही. त्या दिवसांत पारावर, चहाच्या टपरीवर मी एकच तर्क ऐकत होतो : जखमी असंल, नाहीतर वाघ असा करत नाही. कॉर्बेट न वाचलेल्या माणसांच्या तोंडी कॉर्बेटचा सिद्धांत होता. पण हा वाघ ना म्हातारा होता ना लंगडा. स्वतःचा मुलूख शोधत निघालेला तो तरुण नर होता. कॉर्बेटचे दहांतले नऊचे गणित डोंगरातल्या, बंदुकांनी भरलेल्या काळाचे आहे. शेतांच्या समुद्रात वाट शोधणाऱ्या वाघाला ते जसेच्या तसे लागू पडत नाही, हे आपल्या टीकाकारांनीही लक्षात ठेवले पाहिजे. तो वाघ पुढे बैतूल जिल्ह्यात सारणीकडे गेला, बधिर करून पकडला गेला आणि अखेर भोपाळच्या वनविहारात पोचला.

त्याच वर्षी २ नोव्हेंबरच्या रात्री शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात, टी-१ वाघीण गोळीने मेली. तेरा माणसांच्या मृत्यूंचा तिच्यावर ठपका होता. तिला आधी बधिर करण्याचा खरा प्रयत्न झाला का, गोळी कोणत्या बाजूने लागली, रात्रीची वेळ का निवडली, यावर देशभर वाद झाला. तो वाद मी मुद्दाम शिकारग्रंथांच्या शेजारी ठेवून वाचला. प्रश्न तेच होते : कोणत्या वेळी, कोणत्या अंतरावरून, कोणत्या बाजूने, कोणाच्या हाताने. दोन्ही पक्षांकडे या प्रश्नांसाठी भाषा नव्हती. एका बाजूला ‘खात्मा’, दुसऱ्या बाजूला ‘हत्या’. मधला शब्द कोणाकडेच नव्हता.

कायद्याकडे मात्र तो शब्द आहे, कोरडा का असेना. १९७२च्या कायद्याचे अकरावे कलम सांगते की वन्य प्राणी माणसाच्या जिवाला धोका झाला असेल, किंवा बरा होण्याच्या पलीकडे अपंग वा रोगग्रस्त झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारण देऊन त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. वाघासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला पकडणे, बधिर करणे, हलवणे शक्य नाही अशी खात्री झाल्याशिवाय तो आदेश निघत नाही. रोही-रानडुकरांच्या बाबतीत त्याने अधिकार दिलेला अधिकारीही निर्णय घेऊ शकतो. ‘बरा होण्याच्या पलीकडे’ या शब्दांत दशरथाची ती रात्र आहे : काढावा की ठेवावा.

कायद्याने हा निर्णय एका खुर्चीला दिला, तो योग्यच आहे. नाहीतर प्रत्येक चोरटा शिकारी म्हणाला असता, जखमी होते म्हणून मारले. पण समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला आहे. रात्री त्याच्यावर किंवा गावच्या जुन्या सडकेवर कंबर मोडलेला रोही पडतो आणि पुढचे पाय टाकत उठायचा प्रयत्न करतो, तेव्हा खुर्ची लांब असते. लोक जमतात, मोबाइलवर चित्रे घेतात, कोणी पाणी आणतो, कोणी म्हणतो आता सुटंल बिचारं. सकाळपर्यंत तो सुटतो. तो अकर्मकच सुटतो.

जगात याची दुसरी व्यवस्था आहे. जर्मनीत गोळी लागलेले जनावर शोधून काढणे शिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि रक्ताच्या मागावर चालणारे कुत्रे त्यासाठी मुद्दाम तयार करतात. स्वीडनमध्ये गाडीने हरिणाच्या जातीतले मोठे जनावर उडवले तर चालकाने पोलिसांना कळवून ती जागा खुणेने दाखवून ठेवायची, आणि मग शिकलेले शिकारी कुत्रे घेऊन त्या जखमी जनावराचा माग काढतात. तिथला समाज आपल्याहून दयाळू आहे असे नव्हे. त्यांनी ते काम कोणाचे, हे ठरवून टाकले आहे. आपल्याकडे तज्ज्ञ पशुवैद्य आहेत, वनखात्याची बचाव पथके आहेत, गावागावांत साप पकडणारी मुले आहेत. पण मरू घातलेल्या जनावराजवळ कोणी जायचे, किती वेळात जायचे आणि काय करायचे, याचा साधा नियम सडकेवरच्या माणसाला ठाऊक नाही.

नियम करणे लेखकाचे काम नाही. पण तो मधला वेळ दिसायला लावणे हे त्याचे काम आहे, आणि तिथेच आपले लेखन कमी पडले, असे या वाचनातून माझे मत झाले. शिकारकथा जुनी झाली म्हणून ती रद्दीत टाकू नये. ती पुन्हा काढावी आणि पहिल्या बारानंतरच्या पानांवर बोट ठेवून वाचावी : शोध किती वेळ घेतला, पुढे कोण चालले, कोणाचे नाव आले, कोणाचे नाही, जनावर कधी मेले आणि ते कोणी पाहिले. या पाच प्रश्नांनी माझ्यापुरती पुष्कळ नावाजलेली शिकारकथा खाली आली आणि काही साधी, गाजावाजा नसलेली पाने वर आली.

आणि आजच्या लेखकाला विषय शोधायला मेळघाटात जायची गरज नाही. कुंपणाच्या तारेपाशी, सडकेच्या कडेला, विहिरीच्या काठाशी तो पडलेला आहे. त्याच्यावर लिहिताना कर्ता गाळू नका, एवढीच माझी विनंती. ‘सुटला’ लिहायच्या आधी, त्याला सोडवायला कोण आले होते आणि कोण आले नव्हते, ते लिहा.